ग्रामनिहाय नोंदींची पृच्छा व रूपांतर : ‘पांडाज’ लायब्ररीचा उपयोग आणि गागोदे बुद्रुकचे उदाहरण

प्रास्ताविक

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहे तालुक्यांच्या परिसरातील गागोदे बुद्रुक हे गाव आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म झाला, तेव्हा या जिल्ह्याचे नाव कुलाबा असे होते; १ जानेवारी १९८१ पासून ते रायगड झाले. विनोबांविषयीच्या लेखनात गावाचा उल्लेख बहुधा नुसता ‘गागोदे’ असा येतो, तर काही ठिकाणी ‘गागोजी’ असाही येतो. शासकीय याद्यांत नावापुढे ‘बुद्रुक’ लागते आणि ते कधी ‘बु.’, कधी ‘बु॥’, तर रोमन लिपीतील याद्यांत ‘बीके’ या दोन अक्षरांनी दर्शविले जाते. तालुक्याच्या नावाचीही तीच स्थिती आहे. रोहा आणि रोहे ही दोन्ही रूपे सर्रास प्रचारात आहेत.

वाचणाऱ्या माणसास यातून विशेष अडचण होत नाही. संगणकास मात्र ही सर्व भिन्न गावे वाटतात. ग्रामीण अभ्यासाच्या प्रकल्पात जनगणनेची यादी, महसुली नोंदी आणि विद्यार्थ्यांनी केलेले सर्वेक्षण अशी तीन साधने एकत्र आणावयाची झाल्यास हा प्रश्न पहिल्याच दिवशी समोर येतो. अशा नोंदी वाचणे, त्यांतून हवे ते निवडणे, त्यांचे रूप पालटणे आणि त्या परस्परांशी जोडणे यांसाठी पायथन या संगणकीय भाषेतील ‘पांडाज’ ही लायब्ररी आज मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. प्रस्तुत लेखात या लायब्ररीच्या कार्यपद्धतीचे विवेचन ग्रामनिहाय नोंदींच्या आधारे केले आहे. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र अशा विषयांचे अध्यापक डोळ्यांपुढे असल्याने आज्ञावलीच्या ओळी न देता प्रत्येक क्रियेचा आशय सांगण्यावर भर दिला आहे.

दप्तरातील संरचना

संरचित माहिती ही संकल्पना संगणकाबरोबर आली, असा एक समज आढळतो. महाराष्ट्रातील तलाठी दप्तर पाहिल्यास तो टिकत नाही. गावाचे महसुली हिशेब गाव नमुना एक ते एकवीस अशा क्रमांकित नमुन्यांत ठेवले जातात. नमुना सात हे अधिकार अभिलेखपत्रक, नमुना बारा ही पिकांची नोंदवही, आणि या दोहोंच्या एकत्रित उताऱ्यास सर्वजण ‘सातबारा’ म्हणतात. नमुना सहा ही फेरफारांची नोंदवही होय. नमुना आठ-अ मध्ये एकाच खातेदाराच्या गावातील सर्व जमिनी एकत्र दिसतात.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, नमुना सातमध्ये खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात एक क्रमांक लिहिलेला असतो. तो फेरफाराचा क्रमांक. जमीन या व्यक्तीच्या नावे कशी आली, वारसाने, खरेदीने की वाटपाने, हे नमुना सातमध्ये पुन्हा लिहिले जात नाही. तो क्रमांक घेऊन नमुना सहाकडे जावे लागते. एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी आणि इतरत्र केवळ तिचा क्रमांक द्यावा, हे तत्त्व येथे पूर्णत्वाने पाळलेले आहे. आय. बी. एम. मधील संशोधक ई. एफ. कॉड यांनी १९७० साली संबंधात्मक प्रतिमान मांडले, तेव्हा सारण्यांमधील नाते मूल्यांच्या आधारे जुळविण्याचा हाच विचार गणिती भाषेत व्यक्त झाला. पुढे १९७४ मध्ये चेंबरलिन व बॉइस यांनी या प्रतिमानावर आधारित पृच्छाभाषा मांडली. तीच आजची ‘एसक्यूएल’. वर्गात संबंधात्मक प्रतिमान शिकविताना ग्राहक आणि मागणी यांचे परदेशी पाठ्यपुस्तकांतील उदाहरण देण्यापेक्षा सातबारा आणि फेरफार यांचे उदाहरण अधिक लवकर पोहोचते.

लायब्ररीचे स्वरूप

लायब्ररी म्हणजे इतरांनी लिहून, तपासून ठेवलेल्या क्रियांचा संच. अभ्यासकाने आपल्या आज्ञावलीत तो बोलावून घ्यावयाचा असतो. पांडाजचे लेखन वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये एका वित्तसंस्थेत काम करीत असताना सुरू केले आणि २००९ मध्ये ती सर्वांसाठी मुक्त झाली. तिचे नाव अर्थमितीतील ‘पॅनेल डेटा’ या संज्ञेवरून आले आहे. त्या प्राण्याशी तिचा संबंध नाही. तिच्यातील मुख्य वस्तू ‘डेटाफ्रेम’, म्हणजे नाव असलेल्या स्तंभांची सारणी. ही कल्पना एस आणि आर या संख्याशास्त्रीय भाषांमधून आलेली आहे.

डेटाफ्रेमवर चार प्रकारची कामे मुख्यतः केली जातात. पहिले निवडीचे : पेण तालुक्यातील, अमुक लोकसंख्येपेक्षा लहान असलेली गावे काढणे. दुसरे गटवारीचे : गावे तालुक्यानुसार गटांत विभागून प्रत्येक गटाची बेरीज किंवा सरासरी घेणे. तिसरे रूपांतराचे : स्तंभांच्या ओळी आणि ओळींचे स्तंभ करणे, किंवा एका चौकटीत लिहिलेली अनेक नावे सुटी करून प्रत्येकास स्वतंत्र ओळ देणे. सामाईक खात्यावर पाच वारसांची नावे एकाच चौकटीत असतात, तेथे ही शेवटची क्रिया फार उपयोगी पडते. चौथे काम जोडणीचे. पहिल्या तीन कामांतील चुका बहुधा डोळ्यांस दिसतात. जोडणीतील चुका दिसत नाहीत, म्हणून तिचा विचार पुढे विस्ताराने केला आहे.

वाचतानाच होणारा बदल

जोडणीपूर्वी फाइल वाचावी लागते, आणि माहितीचे रूपांतर तेथेच, अभ्यासकाने काही करण्यापूर्वीच, सुरू होते. पांडाज प्रत्येक स्तंभाकडे पाहून तो संख्यांचा आहे की मजकुराचा, याचा अंदाज बांधते. गावाचा संकेतांक शून्याने सुरू होत असेल, तर तो संख्या मानला जाऊन आरंभीची शून्ये नाहीशी होतात. त्या स्तंभात एखादी चौकट रिकामी असेल, तर पूर्णांकांचे दशांश होतात आणि संकेतांकापुढे ‘.०’ लागतो. मग दुसऱ्या यादीतील संकेतांकाशी तो जुळत नाही. उपाय सोपा आहे : वाचतानाच तो स्तंभ मजकूर म्हणून वाचावा, असे सांगणे. संकेतांकांची बेरीज कोणी करीत नाही, मग त्यांना संख्या मानण्याचे कारणही नाही.

भूमिअभिलेखांच्या अभ्यासकास याहून विचित्र अनुभव येण्याचा संभव आहे. बिनशेती जमिनीस व्यवहारात ‘एन. ए.’ म्हणतात आणि रोमन लिपीतील याद्यांत जमिनीच्या प्रकाराच्या स्तंभात हीच दोन अक्षरे लिहिली जातात. पांडाज मात्र ही दोन अक्षरे ‘माहिती उपलब्ध नाही’ अशा अर्थाने वाचते. परिणामी यादीतील सर्व बिनशेती जमिनींचा प्रकार रिकामा होतो. त्यापुढे प्रकारानुसार गटवारी केल्यास रिकाम्या किल्लीच्या ओळी पांडाज स्वाभाविकपणेच वगळते. बिनशेती जमीन अशा रीतीने दोन पायऱ्यांत तक्त्यातून पूर्णतः अदृश्य होते, आणि कोठेही चुकीचा संदेश येत नाही. औद्योगिकीकरण व नागरीकरण यांच्या रेट्याखाली असलेल्या जिल्ह्यात ‘शेतजमीन किती बिनशेती झाली’ हाच प्रश्न विचारला गेला असेल, तर उत्तर शून्य येईल! रिकामेपणाचे हे गृहीत वाचतानाच रद्द करता येते. तशी तरतूद लायब्ररीत आहे.

स्प्रेडशीटचा दोष याच जातीचा, पण अधिक जुना. चौकटीत ७/१२ असे टंकलिखित केले की तिची तारीख होते. सर्व्हे नंबर १२/३ चीही तीच गत. पांडाज स्वतःहून हे करीत नाही. परंतु फाइल तिच्यापर्यंत येण्यापूर्वी कोणी स्प्रेडशीटमध्ये उघडून जतन केली असेल, तर मूळ हिस्सा क्रमांक कायमचा गेलेला असतो. म्हणून मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत वापरणे हा नियम विद्यार्थ्यांना आरंभीच घालून द्यावा. देवनागरी अंकांचा स्तंभ वाचताना मजकूर म्हणूनच राहतो, हेही ध्यानात असावे. पायथनची स्वतःची पूर्णांक-क्रिया देवनागरी अंक ओळखते, त्यामुळे ते रूपांतर नंतर करता येते.

एकर, गुंठे आणि दशांशचिन्ह

क्षेत्राच्या स्तंभाबाबत लायब्ररी काहीही मदत करू शकत नाही. तेथे विषयाचे ज्ञानच लागते. जुन्या नोंदींत ‘१.२५’ असे क्षेत्र दिसल्यास त्याचा अर्थ एक एकर पंचवीस गुंठे असा असू शकतो. एका एकराचे ४० गुंठे, म्हणजे हे क्षेत्र ६५ गुंठे, अर्थात १.६२५ एकर होय. संगणक ते सव्वा एकर, म्हणजे ५० गुंठे, समजतो. एका ओळीत पंधरा गुंठ्यांची तूट पडते. ‘०.३०’ आणि ‘०.३०’ यांची बेरीज तो ‘०.६०’ करतो; तलाठ्याच्या वहीत ती ‘१.२०’ असते. याहून घातक म्हणजे ‘२.१०’ ही संख्या म्हणून वाचली की ‘२.१’ होते, आणि ती दोन एकर दहा गुंठे होती की दोन एकर एक गुंठा, हे त्यानंतर सांगता येत नाही.

यास्तव क्षेत्र मजकूर म्हणून वाचावे, चिन्हाच्या डाव्या व उजव्या बाजू वेगळ्या कराव्यात, सर्व गुंठ्यांत आणावे आणि मग हेक्टर-आरमध्ये रूपांतरित करावे. एक गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटर, म्हणजे एका आरहून किंचित अधिक. वरील ६५ गुंठ्यांचे ६५.७६ आर होतात. स्तंभ खरोखर एकर-गुंठ्यांचा आहे का, याची एक साधी कसोटी आहे. उजव्या बाजूस ३९ पेक्षा मोठी संख्या कोठेही आढळता कामा नये. आढळल्यास तो स्तंभ हेक्टर-आरचा किंवा खऱ्या दशांशांचा असण्याची शक्यता अधिक. दुसरी कसोटी सातबारातच दडलेली आहे. लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा यांची बेरीज एकूण क्षेत्राइतकी यावयास हवी. हजारो ओळींवर ही तपासणी पांडाजमध्ये एका वाक्यात होते, आणि ज्या ओळी तिच्यात नापास होतात त्या बहुधा अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत बोलक्या ठरतात.

नावावरून जोडणी

आता गागोदे बुद्रुककडे पुन्हा वळता येईल. दोन याद्यांत नावे तंतोतंत सारखी नसतील, तर साम्याच्या प्रमाणावरून ती जुळवावीत, असा सल्ला सर्रास दिला जातो. पायथनबरोबर येणाऱ्या ‘डिफलिब’ या लायब्ररीत दोन शब्दांतील साम्य शून्य ते एक अशा अंकात मोजण्याची सोय आहे, आणि जवळचा शब्द शोधताना ०.६ ही किमान मर्यादा ती स्वतःहून गृहीत धरते. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे. दोन्ही शब्द फार्सीतून आलेले. नावापुढे बुद्रुक असेल तेथे खुर्दही असू शकते, हे गृहीत धरूनच जोडणीचा विचार करावा लागतो.

रोमन लिपीत ‘गागोदे बीके’ हे संक्षिप्त नाव घेऊन, सर्व अक्षरे लहान करून, त्याची तुलना केल्यास पुढील चित्र दिसते. ‘गागोदे बुद्रुक’ या त्याच गावाच्या पूर्ण नावाशी साम्य ०.८२ येते. ‘गागोदे केएच’ या खुर्दच्या संक्षेपाशी मात्र ते ०.८९ येते, कारण ‘बीके’मधील ‘के’ हे अक्षर ‘केएच’मध्येही आहे. यंत्राच्या दृष्टीने थोरले गाव स्वतःपेक्षा धाकट्या गावाच्या अधिक जवळचे ठरते. ‘गागोजी’ या जुन्या नामरूपाचे ‘गागोदे बीके’शी साम्य केवळ ०.५३ येते, म्हणजे ते मर्यादेखाली जाऊन नाकारले जाते. अक्षरे लहान करणे हे तर स्वच्छतेचे पहिले पाऊल म्हणून शिकविले जाते. येथे त्यानेच खुर्दशी असलेले साम्य ०.७८ वरून ०.८९ वर नेले. तात्पर्य, संक्षेप आधी पूर्ण रूपात उलगडून घेतल्याशिवाय साम्यमापनास हात घालू नये. ‘बु.’, ‘बु॥’, ‘बुद्रूक’ व ‘बीके’ या सर्वांचे ‘बुद्रुक’ करणारा छोटा कोश तयार करावयास अर्धा तास लागतो.

देवनागरी याद्यांत दिसण्यात एकच, पण संगणकात वेगळी अशीही रूपे असतात. कोऱ्हाळे या नावातील ‘ऱ’ एका चिन्हाने लिहिता येतो आणि ‘र’ला नुक्ता जोडूनही लिहिता येतो. पडद्यावर फरक दिसत नाही, जोडणी मात्र फसते. युनिकोडचे प्रमाणीकरण प्रथम करून घेतल्यास हा प्रश्न सुटतो. सुदैवाने ‘गागोदे’ या शब्दात असे अक्षर नाही.

नावांचा हा गोंधळ टाळण्यासाठीच संकेतांक आहेत. परंतु तेही जपून वापरावे लागतात. २०११ च्या जनगणनेत रायगड जिल्ह्याचे रोमन लेखन ‘रायगढ’ असे उच्चारता येईल असे आहे, आणि छत्तीसगडमधील रायगढचेही तेच. अखिल भारतीय यादीत केवळ जिल्ह्याच्या नावावर जोडणी केल्यास कोकणातील आकडे छत्तीसगडला चिकटतात. महाराष्ट्रातील रायगडचा २०११ चा जिल्हा-संकेतांक ५२० आणि छत्तीसगडमधील रायगढचा ४०३ आहे. परंतु २००१ मध्ये संकेतांक प्रत्येक राज्यात एकपासून सुरू होत असत आणि तेव्हा रायगडचा क्रमांक २४ होता. २०११ च्या देशव्यापी यादीत २४ हा क्रमांक हिमाचल प्रदेशातील कांगडा जिल्ह्याचा आहे. राज्याचा स्तंभ सोबत न घेता या दोन दशकांची तुलना करणाऱ्यास रायगडचा कांगडा झालेला दिसेल. गावांच्या पातळीवर महाराष्ट्राच्या सातबारात २०२० मध्ये केलेल्या बदलांनुसार गावाच्या नावासोबत स्थानिक शासन निर्देशिकेतील संकेतांक छापला जाऊ लागला, ही अभ्यासकांच्या दृष्टीने फार मोलाची सुधारणा आहे.

जोडणीतून गळणारे

पांडाजमध्ये जोडणीचा प्रकार न सांगितल्यास ती दोन्ही याद्यांत सापडणाऱ्या ओळीच ठेवते. उरलेल्या शांतपणे गळतात. किल्ली दोन्हीकडे पुनरावृत्त असेल, तर उलट घडते : एकीकडे दोन व दुसरीकडे तीन ओळी असतील तर सहा तयार होतात. रिकाम्या किल्ल्यांविषयी पांडाजची रीत एसक्यूएलपेक्षा वेगळी आहे. एसक्यूएलमध्ये रिकामे रिकाम्याशी जुळत नाही, पांडाजमध्ये जुळते. संकेतांक नसलेली एका यादीतील सर्व गावे दुसऱ्या यादीतील तशाच सर्व गावांशी त्यामुळे जोडली जातात. या तिन्हींवर लायब्ररीतच इलाज आहे. जोडणी एकास-एक असावी असे आधी घोषित करता येते आणि ती तशी नसल्यास क्रिया थांबते. प्रत्येक ओळ डाव्या यादीतून, उजव्या यादीतून की दोन्हींतून आली, हे दर्शविणारा स्तंभही मागून घेता येतो. या दोन सोयी न वापरता केलेली जोडणी शोधनिबंधात स्वीकारू नये, असे परीक्षकांनी म्हणण्यास हरकत नसावी.

कारण गळणाऱ्या ओळी यादृच्छिक नसतात. शहरालगतच्या, वारंवार नोंदल्या जाणाऱ्या गावांची नावे स्थिर झालेली असतात. नावांची रूपे डोंगराळ, दूरच्या भागात अधिक डळमळीत असतात, आणि तीच गावे जोडणीतून बाहेर पडण्याचा धोका अधिक. पेण, सुधागड, रोहे, कर्जत या तालुक्यांतील कातकरी व ठाकूर वाड्यांचा प्रश्न तर जोडणीच्याही आधीचा आहे. जनगणनेच्या ग्रामयादीत ओळ मिळते ती महसुली गावास. वाडी त्या गावात समाविष्ट असते. तिला स्वतःचा संकेतांक नसतो. विद्यार्थ्यांनी एखाद्या वाडीत जाऊन सर्वेक्षण केले आणि प्रपत्रात गावाच्या जागी वाडीचे नाव लिहिले, तर ती ओळ कोणत्याच शासकीय यादीशी जुळणार नाही आणि अंतिम तक्त्यात वाडी असणार नाही. कातकरी हा महाराष्ट्रातील विशेष दुर्बल आदिवासी गटांपैकी एक आहे. ज्यांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी प्रकल्प हाती घेतला, तेच त्यातून वगळले जातात, आणि सरासरी सुधारलेली दिसते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान जनजाती आदिवासी न्याय महाअभियानात वस्ती हा घटक धरला गेला, त्यामागील एक कारण हेच असावे.

प्रपत्रात म्हणून दोन स्तंभ असावेत : महसुली गाव संकेतांकासह, आणि वस्ती किंवा वाडी लोक जिला ज्या नावाने ओळखतात त्या नावाने. जोडणी पहिल्यावर करावी, गटवारी दुसऱ्यावर. न जुळलेल्या ओळींची यादी स्वतंत्र फाइलमध्ये काढून ती तलाठी किंवा ग्रामसेवकाकडे नेल्यास बहुतेक नावे तेथल्या तेथे सुटतात. ‘गागोजी’ आणि ‘गागोदे बु॥’ एकच, हे सांगण्यास स्थानिक माणसास कोणतीही लायब्ररी लागत नाही. त्या भेटीत मिळालेल्या नावांच्या जोड्या कोशात नोंदवून ठेवल्या, तर पुढील वर्षीच्या तुकडीस त्याच गावांसाठी पुन्हा कार्यालयात जावे लागत नाही.